वाईट माणसाची सबब

डंकन राजाचा खून करून मॅकबेथ बाहेर येतो तेव्हा त्याचे हात रक्तानं माखलेले असतात आणि खंजीर अजून हातातच असतात. अशा वेळी त्याची बायकोकडे तक्रार काय, तर आपल्याला ‘आमेन’ म्हणता आलं नाही! शेजारी झोपलेले दोघं दचकून जागे झाले, प्रार्थना पुटपुटले, एकानं देवाचं नाव घेतलं, दुसरा ‘आमेन’ म्हणाला. मॅकबेथही म्हणणार होता, पण शब्द घशात अडकला. का अडकला? त्या घटकेला देवाच्या कृपेची सगळ्यांत जास्त गरज तर मलाच होती, असं तो कळवळून विचारतो. बायकोला हे ऐकवत नाही. इतका खोलात जाऊ नकोस, अशानं वेड लागेल, एवढंच ती म्हणते.

स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून झोपलेल्या म्हाताऱ्याला भोसकून आलेला माणूस ‘आमेन’साठी खंतावतो, आणि ती खंत खोटी नाही. तो नाटक करत नाही, कारण समोर बायकोखेरीज कुणी नाही आणि तिला या खंतीशी काही देणंघेणं नाही. शेक्सपियरनं 1606च्या सुमारास हे नाटक लिहिलं. त्याचं धारिष्ट्य असं, की खून झाल्यावरही खुन्याच्या आतला कालचा माणूस त्यानं जिवंत ठेवला. तो माणूस मेला असता तर प्रेक्षकाचं काम सोपं झालं असतं. राक्षस म्हणून मोकळं व्हायचं आणि आपल्याला त्यातलं काही लागू नाही असं समजून घरी जायचं.

गोष्टीतला दुष्टपणा हा माझा जुना आवडीचा विषय. आवडीचा म्हणायला जरा संकोच वाटतो, पण भल्या माणसांची भली पात्रं वाचताना मी पुष्कळदा पानं उलटतो आणि एखादं वाईट पात्र आलं की सावरून बसतो. वाचताना माझं लक्ष एका गोष्टीवर असतं. हा माणूस स्वतःला काय सांगतोय? जगाला काय सांगतो ते सोडा, ते बहुधा खोटंच असतं. रात्री दिवा मालवल्यावर झोप लागावी म्हणून तो मनाशी कोणती सबब घोळवतो, ते लेखकाला ऐकू आलं आहे की नाही, यावर मी लेखक जोखतो. कृत्यं काय, रोजच्या वर्तमानपत्रात हवी तेवढी मिळतात. सबब मात्र लेखकाला शोधावी लागते, आणि ती शोधायची तर स्वतःच्या आत उतरण्यावाचून दुसरा रस्ता नसतो.

मॅकबेथचंच पुढं बघा. पहिल्या खुनाआधी तो एक अख्खं स्वगत खर्ची घालतो. डंकन माझा राजा, माझा नातलग, वर माझा पाहुणा. मारेकऱ्याच्या तोंडावर दार लावून घ्यायचं ते माझं काम, मीच सुरी घेऊन कसा उभा राहू? शिवाय राजा स्वभावानं सौम्य, कारभारात निष्कलंक. महत्त्वाकांक्षा सोडली तर आपल्याकडे दुसरं कारण नाही, हेसुद्धा तो स्वतःच कबूल करतो. इतकं स्वच्छ दिसत असलेला माणूस थोड्याच वेळात तयार होतो, कारण बायको त्याच्या पुरुषपणाला डिवचते.

दुसरा खून बँकोचा. तो लढाईत खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला सोबती. हा खून मॅकबेथ स्वतःच्या हातानं करत नाही, मारेकरी बोलावतो. पण नुसता हुकूम देऊन थांबत नाही. तुमच्या दैन्याला बँकोच कारण आहे, तो तुमचाच वैरी आहे, हे त्यांना पटवत बसतो आणि शेवटी तुम्ही पुरुष आहात की नाही असंही विचारतो. बायकोनं त्याच्यावर चालवलेलं हत्यार आता तो दुसऱ्यांवर चालवतो.

तिसरी पाळी मॅकडफच्या बायकामुलांची. मॅकडफ इंग्लंडला निसटलेला आहे. त्याच्या घरच्यांना मारून मॅकबेथच्या पदरात काहीही पडणार नाही. इथं स्वगत नाही, समजावणी नाही, धड सबबही नाही. यापुढं मनात आलं की हातानं करायचं, विचार करत बसायचं नाही, असं तो काही ओळींत ठरवतो आणि विषय संपतो.

‘मॅकबेथ आता क्रूर झाला’ असं नाटककार स्वतःच्या तोंडानं कुठं सांगत नाही, तरी आपल्याला ते कळतं. त्यानं फक्त विचाराला लागणारा वेळ कमी कमी करत नेला आहे. दुष्टपणा वाढल्याची खूण म्हणून रक्ताचं प्रमाण वाढवणारे लेखक पुष्कळ आहेत. मध्ये एका ठिकाणी मॅकबेथ म्हणतो, रक्तात इतका आत आलो आहे की आता मागं फिरणं हे पलीकडं जाण्याइतकंच जिकिरीचं. पाप, पुण्य, शिक्षा, नरक यांतलं काही तो तिथं काढत नाही. मागं फिरायचा त्रास, बस्स! माझ्या लेखी ‘आमेन’साठी तळमळणारा मॅकबेथ संपतो तो या वाक्याशी. त्याच्या बायकोचा प्रवास नेमका उलटा होतो. थोडं पाणी घेतलं की हात स्वच्छ होतील म्हणणारी ती पुढं झोपेत चालत हात चोळत राहते. नवरा-बायकोनं एकमेकांची जागा घेतलेली असते आणि तोवर त्यांचं आपसातलं बोलणंही जवळजवळ संपलेलं असतं.

मग इयागो आठवतो, सेनापती ऑथेल्लोचे कान भरून त्याला स्वतःच्याच बायकोचा खून करायला लावणारा. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ बेतलं, तेव्हापासून त्याचा मराठी अवतारही रंगभूमीच्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे सबबींचा तुटवडा नाही. बढती मला न देता कॅशिओला दिली, ही पहिली. ऑथेल्लोचे माझ्या बायकोशी संबंध असल्याची कुजबूज आहे, ही दुसरी. कॅशिओचेही असतील, ही तिसरी. कॅशिओच्या जगण्यात असं काही देखणेपण आहे की त्याच्याशेजारी मी कुरूप दिसतो, ही आणखी एक (आणि मला विचाराल तर त्यातल्या त्यात खरी). कोलरिज या कवीनं या सगळ्या कारणांना हेतू नसलेल्या दुष्टाव्यानं चालवलेला हेतूचा शोध म्हटलं होतं. मला ते अर्धंच पटतं. इयागोला कारणं नाहीत असं नाही. कपडे बदलावेत तशी तो ती बदलतो, आणि म्हणून त्यांतलं एकही त्याच्या अंगाला चिकटत नाही. शेवटी पकडला गेल्यावर त्याला विचारतात, हे का केलंस? तो सांगतो, मला काही विचारू नका, तुम्हाला जे ठाऊक आहे ते आहे, इथून पुढं मी एक शब्द बोलणार नाही. नाटकभर प्रेक्षकांच्या कानाशी लागून बोलत असलेला माणूस, आणि उत्तर द्यायच्या वेळी गप्प. ते उत्तर लिहिण्याचा मोह शेक्सपियरला झाला नसेल असं मला वाटत नाही.

सबबीचा सगळ्यांत अफलातून नमुना मात्र मला संस्कृतात सापडतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शकार. हा राजाचा मेहुणा, एवढंच त्याचं कर्तृत्व. त्याला पुराणांचे दाखले द्यायची हौस आणि प्रत्येक दाखला चुकलेला. वसंतसेना या गणिकेच्या मागे लागतो तेव्हा म्हणतो, रामाला घाबरलेल्या द्रौपदीसारखी कुठं पळतेस? रावणाच्या तावडीत सापडलेली कुंतीही त्याच्या बोलण्यात येते. प्रेक्षक हसतात. सात अंक शूद्रक आपल्याला या माणसाला हसायची सवय लावतो.

आणि आठव्या अंकात त्याच माणसाच्या उद्यानात, चुकीच्या गाडीत बसल्यामुळं, वसंतसेना एकटी सापडते. ती त्याला झिडकारते, तेव्हा शकार आपल्या सोबत्याला, विटाला म्हणतो, हिला मार. विट म्हणतो, दहा दिशा पाहतायत, वनदेवता, चंद्र, सूर्य, वारा, आकाश, माझा अंतरात्मा, सगळे साक्षीला आहेत. त्यावर शकाराचं उत्तर असं, की मग पदराखाली झाकून मार! हे वाक्य वाचताना आधी हसू फुटतं आणि तोंड मिटायच्या आत अंगावर काटा येतो. धर्माचा इतका मोठा दाखला समोर आला तरी त्याच्या डोक्यात शिरतं ते एवढंच, की कुणी बघता कामा नये. मग तो गाडीवान स्थावरकाला लालूच दाखवतो. तो गुलाम आहे, पण ठाम नकार देतो: मालकाची सत्ता माझ्या शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही. अखेर शकार दोघांनाही तिथून घालवतो, स्वतःच तिचा गळा दाबतो, ती मेली असं समजून निघून जातो आणि थेट न्यायालयात जाऊन खुनाचा आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर घालतो.

खलपुरुष म्हटला की तो बुद्धिमान, कावेबाज आणि दहा पावलं पुढचा विचार करणारा असतो, असं आपण धरून चालतो. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मधल्या सैतानानं तर त्याला वक्तृत्वही दिलं. तो इतका भव्य झाला की मिल्टन नकळत सैतानाच्याच पक्षाचा होता, असं कवी ब्लेक म्हणून गेला. (पुढच्या सर्गांत मिल्टन त्याला उतरवत नेतो. तो झाडावरचा पक्षी होतो, ईव्हच्या कानाशी बसलेला बेडूक होतो, शेवटी नुसता फुत्कारणारा साप. पण पहिल्या दोन सर्गांतला सैतानच सर्वांच्या लक्षात राहतो.) शूद्रकाला अशा भव्यतेची गरज पडली नाही. मूर्ख माणूस आणि मागं उभी असलेली राजाची सत्ता, एवढ्यावर भागतं. शकाराची भीती मला इयागोपेक्षा जास्त वाटते. इयागोला निदान प्रतिभा लागते. शकार व्हायला बहीण योग्य ठिकाणी दिलेली असली की पुरे.

भ्रष्ट होण्याची गोष्ट ही दुष्टपणाच्या गोष्टीहून वेगळी असते. शकार पहिल्या अंकात जसा तसाच शेवटी. जो बदलतो त्याचं चित्र काढणं अवघड. राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकर पहिला प्याला घेतो, त्यामागं कुठलीही वाईट इच्छा नाही. कोर्टात झालेला अपमान, हुशार आणि मानी वकील, आणि शेजारी तळीराम. ‘एकच’ हा सगळा युक्तिवाद. गडकऱ्यांची करामत अशी की त्यांनी मोहाचं काम तळीरामासारख्या विनोदी माणसाकडं दिलं. आर्य मदिरामंडळाच्या बैठकींत सभेचे नियम आहेत, भाषणं आहेत, कोट्या आहेत. बिघडण्याच्या वाटेवर माणसाला राक्षस भेटत नाहीत, भेटतात ते मजेशीर आणि दिलदार लोक, सुखदुःखाला धावून येणारे. सिंधू आणि मूल यांची पुढं जी परवड होते ती आजच्या वाचकाला अतिरंजित वाटू शकते. मलाही तिथले काही प्रवेश जड जातात. पण तळीराम अस्सल आहे.

टॉलस्टॉयनं हीच गोष्ट एका माणसात न मावणारी केली. त्याच्या मृत्यूनंतर 1911 साली छापल्या गेलेल्या एका दीर्घकथेत मित्या नावाचा शाळकरी मुलगा पैशासारखं चालणाऱ्या अडीच रुबलच्या कूपनवर एका सोबत्याला पुढं एक आकडा लिहू देतो आणि ते साडेबारांचं होतं. मित्राची उसनवारी फेडायची असते, बाप जादा पैसे देत नाही, एवढंच निमित्त. ते कूपन एका दुकानात खपतं. फसलेला दुकानदार ते स्वतःच्या गळ्यात ठेवून घेत नाही, लाकडं विकायला आलेल्या एका शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो. शेतकरी ते देऊ लागताच पकडला जातो. दुकानदाराचा नोकर पैसे घेऊन कोर्टात खोटी साक्ष देतो. न्याय मिळाला नाही म्हणून शेतकरी घोडे चोरायला लागतो. घोडे गेलेला दुसरा शेतकरी चोराला ठार मारतो आणि पुढं खुनांवर खून करत सुटतो. या साखळीत एकही खलनायक नाही. प्रत्येकाला आधीच्यानं फसवलेलं आहे, म्हणून नुकसान पुढं ढकलण्याचा हक्क आपल्याला आहे असं प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं. कथेच्या उत्तरार्धात चांगुलपणाची उलटी साखळी सुरू होते. ती मला पहिलीइतकी खरी वाटत नाही. टॉलस्टॉयला ती खरी वाटत होती, आणि त्याच्यासमोर माझं मत ते काय! पण हिशेब माझ्याजवळ असा, की आकडा वाढवणारा मुलगा मला डोळ्यांसमोर दिसतो.

आता एक वेगळीच अडचण. सबब ऐकू यायची तर वाईट माणसाला बोलू द्यावं लागतं, आणि तो बोलू लागला की ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आवाज दबतो. हरी नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिताना ही अडचण मुळातच टाळली. त्यांची गोष्ट यमू सांगते. शंकरमामंजी आपल्याला तिच्या नजरेतून दिसतात. बाहेर सोवळं, तोंडात धर्म, आणि आत जे असायचं ते. त्यांच्या मनात काय चालतं ते आपल्याला कधीच कळत नाही, कारण यमूला ते कळायची सोय नव्हती. घरातल्या बाईला त्या माणसाचे जिन्यातले पाय, बदलणारा आवाज, कोणापुढं काय बोलतो यातला फरक एवढंच दिसणार. विधवा झालेल्या यमूच्या केशवपनाशी आपण येतो तेव्हा मामंजींची बाजू काय होती हा प्रश्न वाचकाच्या मनात उभाच राहत नाही. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला, सबबी धर्मशास्त्रात तयार मिळत असताना, त्या अजिबात ऐकवायच्या नाहीत असं ठरवणं हीसुद्धा एक मोठी वाङ्मयीन भूमिका होती.

नाबोकोव्हनं 1955 साली ‘लोलिता’त नेमका उलटा धोका पत्करला. तिथं एका लहान मुलीचं आयुष्य नासवणारा हम्बर्ट स्वतःच निवेदक आहे. तो कैदेत बसून लिहितो, ज्युरीतल्या सभ्य स्त्री-पुरुषांना उद्देशून बोलतो, आणि भाषा अशी की वाचक मोहून जावा. विनोद, नाद, काव्य, स्वतःवरची टीका, सगळं त्याच्याकडे आहे. खुनी माणसाची शैली नटवीच असणार, असं तो सुरुवातीलाच गंमतीनं बजावतो. पुष्कळ वाचकांनी आणि काही समीक्षकांनीही या पुस्तकाला प्रेमकथा म्हटलं, ते त्या शैलीच्या नादी लागून. पण नाबोकोव्हनं भिंतीला चिरा ठेवल्या आहेत. ‘लोलिता’ हे नाव हम्बर्टनं तिला दिलं, मुलीचं नाव डोलोरेस. तिच्या मनात काय होतं हे त्याला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायचं नाही यासाठीच ही सगळी नटवी भाषा. एका प्रकरणात अमेरिकाभर केलेल्या प्रवासाचं वर्णन करता करता अखेरीस तो सांगून जातो, की ती रात्री रडायची, रोज रात्री, मी झोपेचं सोंग घेतलं की लगेच.

एवढंच. पुढचं प्रकरण दुसऱ्याच विषयावर सुरू होतं. वाचकानं तिथं थांबलं नाही तर कादंबरी त्याला थांबवत नाही. हम्बर्टला ते रडणं ऐकू येत होतं, रोज येत होतं, आणि म्हणूनच तो झोपेचं सोंग घेत होता, हे जुळवायचं काम वाचकावर सोडलं आहे. या पद्धतीचे तोटे मला दिसतात. न थांबणारे वाचक जास्त असतात. तरी गुन्हेगाराच्या तोंडून, त्याच्याच सुंदर वाक्यात, बळीचा आवाज बाहेर काढणं यापेक्षा कठीण काम मी कादंबरीत पाहिलेलं नाही.

काही लेखक दाखवायचंच टाळतात. स्टीव्हन्सनच्या 1886च्या जेकिल आणि हाइडच्या कथेत हाइडला पाहिलेला प्रत्येक जण म्हणतो, त्याच्यात काहीतरी विद्रूप आहे, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. ऑस्कर वाइल्डनं डोरियन ग्रेची पापं सांगितलीच नाहीत आणि वर लिहिलं, की ज्याला त्याला त्यात स्वतःचं पाप दिसतं. युक्ती छान आहे. पण ती एकदाच छान. नंतरच्या पिढ्यांनी धुकं आणि सावल्या यांच्या आडून इतकं लिहिलं, की आता कुणी ‘त्या डोळ्यांत शब्दांत न सांगता येण्यासारखं काही होतं’ असं लिहिलं की मी पुस्तक मिटतो. आणि तिरळा डोळा, लंगडा पाय, चेहऱ्यावरचा व्रण देऊन खलपुरुषाची ओळख करून देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. व्यंग असलेल्या माणसांनी या आळसाची किंमत पिढ्यान् पिढ्या मोजली आहे.

अलीकडचा आजार वेगळा. आता प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण मिळतं. बाप मारायचा, आई सोडून गेली, शाळेत चिडवायचे. मग दोन प्रकरणं मागं जाऊन तो प्रसंग, आणि मग पुन्हा वर्तमानात खून. कारण दिलं की पात्र खोल झालं अशी समजूत असते. होतं असं, की पात्र यंत्र बनतं, वरून दुःख टाकलं की खालून क्रौर्य पडतं. त्यात माणसानं कधी काही निवडलं आहे असं दिसतच नाही. आणि तसंच मारखाऊ बालपण काढून कुणाच्या वाटेला न जाणारी माणसं या जगात जास्त आहेत, त्यांचं काय करायचं ते या लेखकांना सुचत नाही.

इथं मला ‘घाशीराम कोतवाल’ आठवतं. 1972 साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात तेंडुलकर घाशीरामावरचा अन्याय लपवत नाहीत. कनोजहून आलेला गरीब ब्राह्मण, परक्या शहरात चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, हाकलला जातो. अपमान खरा आहे, आणि त्याची चीडही खरी. त्या चिडीतून तो प्रतिज्ञा करतो आणि कोतवाली मिळवण्यासाठी स्वतःची पोरगी, गौरी, नाना फडणवीसाच्या हवाली करतो. झालं! त्या क्षणाला त्याची सबब संपते. तेंडुलकर त्याचं दुःख कुठंही नाकारत नाहीत आणि त्याला सवलतही देत नाहीत, कारण ज्या अन्यायाचा सूड घ्यायचा त्याहून मोठा अन्याय त्यानं स्वतःच्या घरात केलेला आहे, आणि तो त्याला कळतो. गौरीचा अंत होतो तेव्हा तो मोडून पडतो आणि नंतर आणखी क्रूर होतो.

पण नाटकातला खरा अभ्यास नानाचा आहे. परका माणूस कोतवाल का करायचा, याचा नाना मनाशी जो हिशेब मांडतो तो मला राजकीय दुष्टपणाचा सगळ्यांत नेमका लेखी पुरावा वाटतो. या माणसाला इथं कुणी नाही, त्यामुळं तो आपल्याशी इमान राखील. आणि यापुढं आपण जे करू ते त्याच्या खात्यावर जमा होईल. सबब शोधायचीही गरज नाही, सबबीचा एक चालताबोलता माणूसच नेमून टाकला! काम झाल्यावर, लोक खवळल्यावर, नाना त्याच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतो, जमाव त्याला ठेचतो आणि नाना उत्सव जाहीर करतो. या सगळ्याच्या मागं ती ब्राह्मणांची रांग, मानवी पडदा, कधी नाचणारी, कधी पाठ फिरवणारी. नाटकावर इतिहासाच्या विपर्यासाचे आरोप झाले, वाद बराच काळ चालला. त्या वादात मला जायचं नाही. मला त्या रांगेची पाठ महत्त्वाची वाटते. रांग वळली की मागचं दिसत नाही, आणि मागं काय चाललं आहे ते रांगेतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

रांगेतल्या माणसाची स्वतंत्र कादंबरी लिहायची तर ती कशी असेल? इशिगुरोची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (1989) तशी आहे. बटलर स्टीव्हन्सचा मालक, 1930च्या दशकातला एक इंग्रज उमराव, नाझींच्या प्रभावाखाली येतो आणि घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाकायला सांगतो. स्टीव्हन्स हा विषय हाउसकीपर मिस केंटनपुढं काढतो तो त्यांच्या रात्रीच्या ठरलेल्या बैठकीत, कोको पिताना, इतर कामांच्या ओघात. ती संतापते, त्या गेल्या तर मीही जाईन म्हणते. तो सांगतो, मालकांना काही गोष्टी आपल्यापेक्षा जास्त कळतात. मुली जातात. मिस केंटन जात नाही; जायला दुसरं घर नाही हे ती नंतर लाजून कबूल करते. वर्षभरानंतर मालकाला पश्चात्ताप झाल्यावर स्टीव्हन्स म्हणतो, मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. मग तसं बोलला का नाहीत, असं ती विचारते. त्याच्याकडे उत्तर नसतं. संपूर्ण कादंबरी सभ्य आवाजात लिहिलेली आहे, एकही शब्द चढत नाही.

या जातीच्या सगळ्या गोष्टींचं मूळ मला सभापर्वात दिसतं. द्रौपदीला फरफटत आणलं जातं आणि ती रडगाणं न गाता एक कायद्याचा प्रश्न विचारते: स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क होता का? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निर्णय करता येत नाही. दुःशासन, दुर्योधन यांना रंगवायला व्यासांना फार मेहनत पडलेली नाही. कौशल्य लागलं आहे ते जाणत्या माणसांच्या गप्प बसण्याला, आणि त्याहून जास्त कर्णाला. दानशूर, मित्रासाठी जीव टाकणारा, जन्मभर अपमान सोसलेला कर्ण त्या सभेत सगळ्यांत विषारी बोलतो. तिला वेश्या म्हणतो, तिची वस्त्रं उतरवायला सांगतो. 1967 साली आलेल्या ‘मृत्युंजय’नं कर्ण मराठी वाचकाच्या घराघरात पोचवला, आणि तेव्हापासून त्याच्यावरचा अन्याय आपल्याला पाठ आहे. सभेतलं त्याचं बोलणं मात्र कर्णाचे चाहते घाईनं ओलांडतात असं मी पाहतो. व्यासांनी दोन्ही गोष्टी एकाच माणसात ठेवल्या आणि त्यांची गोळाबेरीज करून दिली नाही.

आणि त्याच सभेत विकर्ण आहे. हा कौरवांपैकीच एक, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. सगळे राजे मान खाली घालून बसलेले असताना हा उभा राहतो आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असं कारणांसकट सांगतो. कर्ण त्याला झापतो, तू पोर आहेस म्हणतो. विकर्ण बसतो. पुढं तो युद्धात कौरवांच्याच बाजूनं लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. मारणारा भीमही त्याच्यासाठी हळहळतो. मधल्या तेरा वर्षांत हा माणूस त्याच घरात राहिला, त्याच भावांबरोबर पंगतीला बसला, त्याच सभेत जात राहिला. तिथं एकदा बरोबर बोलून झाल्यावर त्यानं मनाशी काय सांगितलं असेल? मी माझं काम केलं? माझ्या एकट्यानं काय होणार होतं? शेवटी भाऊ आहेत? महाभारत याबद्दल काही सांगत नाही. दुर्योधनावर, कर्णावर, द्रौपदीवर कादंबऱ्या झाल्या. विकर्णाच्या त्या तेरा वर्षांवर कुणी लिहिलं तर मी ती कादंबरी रांगेत उभा राहून घेईन.